अर्ध्या अंशाची रेघ

"मधली बारीक रेघ ओलांडलीय का? नीट बघून सांग," साहेब म्हणाले.

मी मोजणीच्या दुर्बिणीच्या तबकडीवर पुन्हा डोळा लावला. तबकडीवर दोन अंशांच्या मध्ये अर्ध्या अंशाची एक बारीक रेघ असते. खूण तिच्या पुढे गेली असेल, तर वाचलेल्या मिनिटांत आणखी तीस मिळवायची असतात; एका अंशाची मिनिटं साठ. खूण पुढे गेली होती. गेल्या महिन्यात मी ती रेघ बघितलीच नव्हती.

"ओलांडलीय, साहेब. अठरा नाही, अठ्ठेचाळीस. मागच्या खेपेला मीच घाण केली."

साहेब रुमालाने चष्मा पुसत राहिले. चष्म्याचा बिचाऱ्याचा काय दोष! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते आणि हे गुपित जगात तिघांनाच ठाऊक होतं: त्यांना, वहिनींना आणि मला, त्यांच्या ड्रायव्हरला. वर्षभर दुर्बीण ते लावत आणि आकडा मी वाचत असे.

आमच्या खात्याची चार रडारं चार डोंगरांवर आहेत. शत्रूचं क्षेपणास्त्र आलं तर चौघांना जे दिसतं, ते एकत्र करून खाली नियंत्रण कक्षात एकच चित्र तयार होतं. त्यासाठी प्रत्येक रडारला उत्तर दिशा नेमकी ठाऊक हवी. ती दाखवून देण्यात साहेबांची तीस वर्षं गेली. वाकडं काही त्यांना खपतच नसे. चहाच्या टपरीवरचं कॅलेंडरसुद्धा सरळ करून मग ते कप तोंडाला लावत.

आणि त्यांच्याच या डोंगरावरच्या रडारपायी महिनाभर पडद्यावर एका विमानाची दोन विमानं दिसत होती. "उद्या खरंच काही आलं, तर पाडायचं कुठलं?" असं नियंत्रण कक्षातल्या मॅडमनी विचारलं होतं. सगळ्यांनी खापर जुन्या रडारवर फोडलं. ते भंगारात काढायची फाईलही निघाली. यंत्र चांगलं आहे म्हणणारे साहेब एकटेच.

"नवा आकडा भरू आणि रडारचा पाया खचला होता म्हणून सांगू," मी म्हणालो. "कोणाला पत्ता लागणार आहे?"

"इतके दिवस यंत्राला नावं ठेवली, आता पायाला ठेवायची?"

"मग माझं नाव सांगा."

"शहाणाच आहेस! ड्रायव्हरला या दुर्बिणीला हात लावायचीसुद्धा परवानगी नाही. संध्याकाळी घरी बसशील."

"आणि तुम्ही?"

"माझे नोकरीचे चारच महिने राहिलेत. डोंगर बंद होतील, टेबलावर बसेन. तुझ्या वहिनीला आनंदच होईल."

मी पुष्कळ भांडलो, पण हा माणूस ऐकेल तर शपथ. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून, नाक जवळजवळ त्याला टेकवून त्यांनी लिहिलं: मागची मोजणी चुकली. नजर अधू झाल्याचं मी लपवलं. यंत्रात दोष नाही. ओळी उतरत उतरत कागदाच्या कोपऱ्यात गेल्या होत्या. मला रडू येत होतं आणि ते लपवायचीही गरज नव्हती, त्यांना दिसलंच नसतं.

नवा आकडा भरून आम्ही रडारच्या खोलीत गेलो. फोनवर मॅडम होत्या. एक प्रवासी विमान येत होतं. चौघांचं एकत्र चित्र इथल्या पडद्यावरही येतं; त्यात ते एकच दिसतं की दोन, हे बघून, कागदावर सही करून कळवायचं होतं.

"मॅडम, मला दिसत नाही," साहेब म्हणाले. तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं असेल. "तसं लिहून पाठवतोय. माझा ड्रायव्हर बघून सांगेल."

मॅडमनी विचारलं, "त्याच्या बघण्यावर भरवसा ठेवायचा?"

"मी ठेवतो."

पडद्यावर ठिपका सरकत होता. मी डोळे चोळले, पुन्हा बघितलं, खालून वर आणि वरून खाली बघितलं. कितीतरी वेळ लावला. साहेबांनी घाई केली नाही.

"एकच आहे, साहेब."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. फक्त पेन काढलं आणि म्हणाले, "सही कुठे करायची, ते दाखव."

मी त्यांचं बोट धरून रकान्यावर टेकवलं.