बेवारस फाइल

देवराम ओव्हाळांनी एकतीस वर्षं सरकारी रेकॉर्ड रूम सांभाळली, आणि त्या काळात एकही कागद चुकून नष्ट झाला नाही. मागितलेला कागद सापडायचा असंही नाही, पण तो वेगळा विषय. त्यांचा नियम एकच: ज्या शाखेने कागद जन्माला घातला, तिची सही घेतल्याशिवाय त्याला काडी लावायची नाही.

निवृत्तीनंतर नौपाड्यातल्या घरी लेक मेघनाने त्यांना लिनक्स घातलेला कॉम्प्युटर दिला होता. त्यावर आज ते हौसाआत्याच्या ओव्या रेकॉर्ड करत होते. आत्या ब्याऐंशीची. तिच्या आईच्या जात्यावरच्या सतरा ओव्या आता तिच्याशिवाय कुणालाच येत नव्हत्या, आणि उद्या ती सहा महिन्यांसाठी नागपूरला निघाली होती. आजच पाच वाजता मानपाड्याहून तिचा नातू तिला न्यायला येणार होता. साडेतीनला, नवव्या ओवीवर, पडद्यावर पाटी आली: डिस्कवर जागा शिल्लक नाही.

"मी गायले की तुझी पेटी भरते?" आत्याने विचारलं.

"जागा करतो. मग पहिल्यापासून म्हणशील?"

"दळलेलं पीठ परत जात्यात घालतात का रे?" आत्याने मेथीची जुडी पुढे ओढली. विषय संपला.

"अहो, ओळखू येत नाही ते सगळं पुसून टाका," शालनवहिनींनी नवऱ्याला सुचवलं. "मी माळ्यावर करते तसं."

"तसंच माझं सर्व्हिस बुक गेलं होतं."

देवरामांनी मोठ्या फाइली शोधल्या आणि घाबरून मेघनाला फोन लावला. ती घोडबंदर रोडवर बसमध्ये अडकली होती, म्हणजे वेळच वेळ होता.

"अगं, 'केकोर' नावाची फाइल एकशे अठ्ठावीस टीबीची, म्हणजे सव्वा लाख जीबीच्या वर आहे! आपली डिस्क दोनशे छप्पन्न जीबीची!"

"पप्पा, हात लावू नका. ती खरी फाइल नाहीये. मेमरीत डोकवायची खिडकी आहे. डिस्कवर काहीच जागा घेत नाही."

"म्हणजे कागदोपत्री आहे, जागेवर नाही." देवरामांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. "ओळखीचा प्रकार आहे. पुढची साठ जीबीची आहे. 'वार'मध्ये 'टेम्प' म्हणून कप्पा आहे, त्यात. नाव म्हणजे नुसते आकडे."

मेघनाने एक कमांड सांगितली. फाइल कुठल्या पॅकेजची, म्हणजे कुठल्या प्रोग्रामच्या संचाबरोबर आलेली, ते ती कमांड विचारते. देवराम हरखले. कॉम्प्युटरलाही शाखा होत्या तर! पण एकाही शाखेने ती फाइल आपली म्हटली नाही. दुसऱ्या कमांडने सांगितलं, सध्या कुणी ती उघडूनही बसलेलं नाही.

"बेवारस आहे ना? मग टाका पुसून!" शालनवहिनी म्हणाल्या. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

"बेवारस गठ्ठ्यातच साहेबांच्या बदलीची ऑर्डर निघते," देवराम म्हणाले. "मेघना, मालक कोण ते कसं बघायचं?"

मालकाच्या रकान्यात 'देवराम' होतं. तारीख गेल्या आठवड्यातली.

"पप्पा, तुमच्या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामची कच्ची वही आहे ती. सेव्ह न केलेली. चालू करून विसरलात का?"

विसरले होते. मंगळवारी आत्या आली असताना त्यांनी आवाजाची चाचणी घेतली होती. ती चाचणी गुरुवारी वीज गेल्यावरच थांबली. प्रोग्रामने वही उघडून दिली. आधी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. मग शालनवहिनींचा, फोनवरचा हळू आवाज: "आत्याबाई आल्यात. पथ्य सांगतात आणि चार पुऱ्या खातात."

शालनवहिनींनी उठून पंखा वाढवला.

"पाच," आत्या मेथी खुडत म्हणाली.

"अहो, पुसा म्हटलं ना!" वहिनी माउसकडे झेपावल्या. पण तेवढ्यात स्पीकरमधून वाटाणे सोलल्याचा आवाज आला आणि त्यावर आत्या, स्वतःशीच, ओवी गुणगुणू लागली. एक, दोन... थेट सतरापर्यंत. मध्ये पंखाही थांबला असता तर कुणाला कळलं नसतं.

आत्याने डोळ्यांना पदर लावला. "आई असंच म्हणायची, काम करता करता. तुझ्या पेटीसमोर जमत नव्हतं बघ."

देवरामांनी ती अठरा मिनिटं वेगळी काढून पेन ड्राइव्हवर घेतली. वर्ग 'अ', कायम. उरलेल्या दोन दिवसांसाठी कागदावर नष्ट करण्याचा रीतसर आदेश लिहिला: वर्ग 'ड'. खाली दोन शाखांच्या सह्यांची जागा सोडली. शालनवहिनींनी मजकूर संपायच्या आत सही केली.

खाली नातवाचा हॉर्न वाजला. आत्याने मात्र आदेश पूर्ण वाचायला लावला, आणि पेन परत दिलं.

"पुऱ्यांचं तेवढं 'अ'मध्ये घाल. मग करते सही."