फ्रीसलँडमध्ये पहिला नंबर

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी वीब्रेनचं तीन वर्षं वाळवलेलं सगळं सरपण कालव्यात गेलं, आणि ते मी ढकललं. असं काहीही झालेलं नाही. त्या दुपारी मी घरी बसून मोजे शिवत होतो. मला मोजे शिवता येत नाहीत, पण तो वेगळा विषय.

वीब्रेन आमचा शेजारी. त्याच्या घरात लाकडाची शेगडी आहे, आणि आमच्या घरात माझी आई बाउक्ये आहे, जिची फुफ्फुसं निम्मीच चालतात. निवृत्त झाल्यापासून वीब्रेन सकाळी आठला शेगडी पेटवतो आणि झोपायच्या वेळी विझवतो. सव्वाआठला आईच्या फोनवरचं हवेचं ॲप किणकिणतं: 'हवा वाईट आहे. घरातच थांबा. खिडक्या बंद ठेवा.'

डॉक्टरांनी तिला रोज बांधावरून तासभर चालायला सांगितलंय. चाललात तर फुफ्फुसं टिकतील, नाहीतर नाही. डिसेंबरपासून ती एकदाही गेली नव्हती.

"काय न्याय आहे बघ," ती म्हणाली. "धूर तो करतो आणि कोंडून मला ठेवतात."

मी आधी सभ्यपणे सांगून पाहिलं.

"शेजारी, तुमचा धूर आमच्याकडे येतो."

"धूर? अरे योरित, तीन वर्षं वाळवलंय मी ते. त्याला धूर नसतो, सुगंध असतो. तुझ्या आईला म्हणावं, फुकट घे."

त्या 'फुकट घे'वर मी सूड घ्यायचं ठरवलं.

संधी त्याच्या वाढदिवसाला आली. आमच्याकडे वाढदिवसाला सगळे गोलात खुर्च्या मांडून बसतात, आणि आलेला माणूस एकेकाशी हात मिळवून प्रत्येकाचं अभिनंदन करतो. एका पाहुण्यानं माझंही केलं.

"शेजाऱ्याच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन, योरित. आई कशी आहे?"

"कोंडलेली आहे."

"छान, छान. केक घेतलास का?"

भेट सगळ्यांसमोर उघडायची पद्धत आहे. वीब्रेननं कागद फाडला.

"हे काय, चिमण्यांचं घरटं?"

"धूर मोजायची डबी. भिंतीला लावायची, म्हणजे ॲपच्या नकाशावर तुमचा ठिपका येतो. तुमचं लाकूड किती स्वच्छ आहे ते अख्ख्या फ्रीसलँड प्रांताला कळू दे."

गोलातल्या चौदा जणांनी त्याच्याकडे पाहिलं. कॉफी गार व्हायच्या आत डबी शेगडीच्या चिमणीखाली लागली होती.

दुसऱ्या दिवशी हिरव्या नकाशावर एकटं आमचं गाव जांभळं झालं होतं, म्हणजे सर्वांत वाईट. मी आनंदात केकचे दोन तुकडे खाल्ले. आमच्या काटकसरी प्रांतात याला व्यसन म्हणतात. आता तो लाजेनं मान खाली घालून येईल, म्हणून मी दारातच उभा राहिलो.

तो धावत आला.

"पहिला! अरे, अख्ख्या फ्रीसलँडमध्ये पहिला नंबर! स्कार्नेटर्पवाले नववे!"

कालव्यापलीकडच्या स्कार्नेटर्पला आमच्या गावानं आजवर कशातच हरवलं नव्हतं. ना फुटबॉलमध्ये, ना बर्फावरच्या शर्यतीत, ना रस्सीखेचीत. दुपारपर्यंत चर्चवर झेंडा चढला. खाटकानं गाडीभर लाकूड आणून दिलं, वर म्हणाला, "गावासाठी."

रविवारी सगळं गाव फुटबॉलच्या सामन्याला गेलं. मग तीन तास जे झालं नाही ते झालं नाही. एवढंच सांगतो की मी दमून थांबलो तेव्हा आईनं आतून खिडकीच्या काचेवर टकटक केली आणि खोकत ओरडली, "मागची रांग राहिली रे!"

गाव सात-शून्यनं हरून परतलं. आता आमच्याकडे कालव्यात काही पडलं, तर कोणी पाडलं हे कुणी विचारत नाही. आधी होड्या सोडतात. अकरा होड्या सुटल्या. माझ्याही हातात कुणीतरी लाकूड ओढायचा आकडा दिला, आणि नाही म्हणायला मला कारण सुचेना. मी जे ढकललंच नव्हतं ते मीच बाहेर काढलं. वीब्रेननं मला मिठी मारली.

"शेजारी असावा तर असा!" त्याचे डोळे ओले होते. लाकूड तर होतंच.

ते ओलं लाकूड त्यानं लगेच शेगडीत घातलं. ठिपका काळा झाला. ॲपमध्ये काळा रंग आहे हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. स्कार्नेटर्पहून अभिनंदनाचं कार्ड आलं. आणि आईचा फोन किणकिणला: 'बाहेर जाऊ नका. घरातही थांबू नका.'

"मग जाऊ कुठे?" आईनं फोनलाच विचारलं. ती खुर्ची ओढून, फ्रिज उघडून त्याच्यासमोर बसली. "इथली बरी आहे. चीजची आहे, पण हवा आहे." पुढचं वाक्य बोलताना तिला दोनदा दम घ्यायला थांबावं लागलं, म्हणून तिनं ते सोडूनच दिलं.

सोमवारी मी नगरपालिकेत फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "शेगडी नियमात बसते. दोष वाऱ्याचा आहे, आणि वाऱ्याबद्दल आमच्याकडे लेखी अर्ज लागतो."

तो मी लिहिला, असा:

'मा. महापौर यांस. विषय: वाऱ्याची बदली. वरील वारा गेले तीन महिने श्री. वीब्रेन यांच्या घराकडून अर्जदाराच्या आईच्या खोलीकडे विनापरवाना वाहत आहे. तरी त्यास उद्या सकाळी आठपासून उलट दिशेने वाहण्याचे लेखी आदेश व्हावेत. वारा मुदतीत हजर न झाल्यास श्री. वीब्रेन यांनी चिमणीच्या तोंडाशी बसून आपला सर्व धूर स्वतःच ओढून संपवावा, व तो संपल्याचा दाखला अर्जदाराची आई बांधावरून फिरून परत येण्यापूर्वी दोन प्रतींत सादर करावा, ही नम्र विनंती.'