काजळीच्या पोटात आलेले रोहेकर

मी एक जुना जंतू आहे. नाकं मुरडू नका, मित्रांनो! माझ्यामुळे रोगबिग होत नाही. पेणजवळ खाडीकाठी ठमाबाईंची काजळी नावाची म्हैस आहे, तिच्या पोटात माझं बिऱ्हाड. आमच्यात एकाचे दोन, दोनाचे चार होत राहतात, म्हणून 'मी' म्हटलं की सगळी भावकी त्यात आली.

काजळी पेंढा नुसता गिळते. तो फोडून त्याचं सत्त्व काढतो आम्ही. पण ते एकट्यादुकट्याचं काम नव्हे. प्रत्येक जण अंगातून एक रस सोडतो. तो भोवती पुरेसा साठला, की आपण पुष्कळ आहोत हे कळतं आणि सगळे एकदम कामाला लागतात. आमचं बोलणं ते एवढंच. कौतुक मात्र काजळीचं! दूध वाढलं की ठमाबाई तिची पाठ थोपटायच्या आणि मी आत जळफळायचो.

जळायच्या ठमाबाईही. शेजारच्या विमलबाईंनी रोह्याहून रूपी म्हैस आणली होती. रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेचं काम जोरात होतं आणि कामगारांच्या चहासाठी दूध न्यायला माणसं विमलबाईंच्याच दारात. ठमाबाईंना ते बघवेना. काजळीचं दूध वाढावं म्हणून त्यांनी पोह्यांसाठी भिजवलेलं भात टोपलंभर तिच्यापुढे ओतलं.

"अगो, येवढा नको घालू," नवरा काळुराम म्हणाला.

"तुमी गप बसा!"

घात झाला! त्या भातावर आंबट जंतू माजले, पोट आंबलं आणि माझे भाऊबंद पटापट मेले. मी रस सोडत राहिलो, पण उत्तरच येईना. काजळीचा रवंथ थांबला. ती खाली बसली ती उठेचना. गुरांच्या डॉक्टरांनी खायचा सोडा पाजला आणि सांगितलं, "आता धडधाकट म्हशीचा रवंथ पाजा, नायतर ही जगायची नाय."

धडधाकट म्हैस शेजारचीच. ठमाबाई रडत विमलबाईंच्या दारात गेल्या. "माजी काजळी जाते गो! तुज्या रूपीच्या तोंडातला घास दे."

"ने गो. इचारतेस काय?" विमलबाईंनी स्वतः रूपीच्या तोंडात हात घालून रवंथ काढला, कोमट पाण्यात कालवला आणि बांबूच्या नळकांड्याने काजळीला पाजला.

आले की रूपीच्या पोटातले रोहेकर जंतू माझ्या घरात! हजारो, लाखो! मला दात असते तर दातओठ खाल्ले असते. ठरवलं, यांच्याशी बोलायचं नाही. तेवढ्यात त्यांनी रस सोडला. अगदी आमचाच रस! तो साठत गेला आणि माझ्या अंगात आपोआप काम सुरू झालं. रुसायचं होतं हो, पण राहवेना. पेंढ्याच्या एकाच काडीला मी आणि ते रोहेकर चिकटलो. हळूहळू काजळी उठली आणि रवंथ करू लागली. बरी झाल्यावरचं तिचं पहिलं दूध ठमाबाईंनी विमलबाईंच्या घरी नेऊन दिलं.

मित्रांनो, गुरांना एकदम धान्य चारू नका. त्यांच्या पोटात आम्ही राहतो, आमचीही कदर करा. माझा जळका स्वभाव अजून गेलेला नाही. पण आता आमच्यात पेणचा कोण आणि रोह्याचा कोण, हे माझं मलाच ओळखू येत नाही. जळायचं तरी कोणावर?