घोड्यांच्या हौदासमोर

मित्रांनो, मी एक जुना दगडी हौद आहे. नांदेडच्या जुन्या शहरात, नालबंद गल्लीच्या तोंडाशी मी असतो. 'असतो' हा शब्द मी हल्ली जपून वापरतो.

एका पाथरवटाने मला अखंड काळ्या दगडातून कोरून काढलं आणि टांगा अड्ड्यावर आणून बसवलं. घोडे माझ्यात तोंड घालून पाणी पीत, नाकाने फुरफुरत. टांगेवाले म्हणत, "इतकं गार पाणी सबंध शहरात न्हाई." घोड्यांनी तोंडावर कधी स्तुती केली नाही, पण ते रोज यायचे. समोरच नाल ठोकायचं दुकान होतं. ते आज नासिर चाचांकडे आहे.

पुढे रिक्षा आल्या. रिक्षा पाणी पीत नाही. टांगे गेले, घोडे गेले आणि माझ्यात चहाचे कप, केळीची सालं आणि निवडणुकीत पडलेल्या उमेदवारांचे हसरे फोटो साठू लागले. नासिर चाचा नालांऐवजी दुकानांची शटरं दुरुस्त करू लागले. भाजीवाल्या चांगुणाबाईंनी माझ्या काठावर कोथिंबीर मांडली. एवढ्यावर माझं म्हातारपण निभावलं असतं.

पण मला भीती वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या भागात एकेक ओळखीची वास्तू पाडली जाते आणि तिचं नाव मात्र कोणी सोडत नाही. दिलशाद टॉकीज पाडली, तरी पत्ता सांगतात, "दिलशादच्या मागं." बर्फाचा कारखाना जमीनदोस्त झाला, तरी लोक राहतात "कारखान्याच्या बोळीत." अनोळखी माणसं भर दुपारी माझ्यापाशी येऊन पत्ता विचारतात. चांगुणाबाई मोकळ्या हवेकडे हात करून म्हणतात, "ते बगा, टॉकीज न्हाई का? तिथून डावीकडं." माणूस हवेकडे बघतो, मग चांगुणाबाईंकडे बघतो आणि भराभर डावीकडे वळतो. मोबाइलमधला नकाशा तर आमच्या गल्लीत शिरतच नाही. तो सगळ्यांना एका मंगल कार्यालयाच्या मागच्या भिंतीला नाक लावून उभं करतो आणि 'पोहोचलात' म्हणतो.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं आणि माझ्या पोटावर लाल फुली आली.

आज सकाळी रस्त्याच्या कामावरचा केरबा ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आला. मागून जेसीबी आला. त्याचा पंजा माझ्या खाली शिरला आणि मी जन्मात पहिल्यांदा जमीन सोडली. मित्रांनो, दगडाने उडू नये.

"अरे आहिस्ता, कोना टूटेगा उसका," नासिर चाचा दारातून ओरडले. मी ट्रॉलीत बसलो, जेसीबी निघून गेला आणि चाचा उंबऱ्यावरच छाती धरून खाली बसले. चेहरा राखेसारखा झाला. त्यांची मुलगी जेबा धावत आली. तिने एका हाताने अब्बांना धरलं, दुसऱ्या हाताने रुग्णवाहिकेला फोन लावला.

"लवकर या. नालबंद गल्ली. घोड्यांच्या हौदासमोर."

ती माझ्याकडे बघत बोलत होती. मी ट्रॉलीत होतो. पण जन्मापासून ती हाच पत्ता सांगत आली होती, आणि आमच्याकडे वस्तू गेल्याने पत्ता बदलत नाही. मला ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात ट्रॅक्टर सुरू झाला. गडबडीकडे पाठ असल्याने केरबाला काहीच कळलं नव्हतं.

हमरस्त्यावर समोरून रुग्णवाहिका आली. चालक आनंदराज भोकरचा, शहरात नवा; त्याच्याकडे पत्ता एवढाच, घोड्यांचा हौद. त्याने मला पाहिलं, गाडी गर्रकन वळवली आणि माझ्या मागे लागला. केरबाने बाजू दिली, तर तोही बाजूला आला. केरबा थांबला, तर तोही थांबला. सायरन आपल्यासाठीच वाजतोय असं वाटून केरबा घाबरला आणि त्याने ट्रॅक्टर पळवला. मी पुढे, मदत माझ्या मागे, आणि दोघंही नासिर चाचांपासून लांब लांब चाललो होतो. मला तोंड आहे, पण ते फक्त पाणी धरायला.

पेट्रोल पंपापाशी आनंदराजने आमच्यासमोर गाडी आडवी घातली. फोन स्पीकरवर होता.

"ताई, मी हौदापाशीच हाय. पेशंट कुठाय?"

"मी बी हौदापाशीच उभी हाय," जेबा रडत म्हणाली. "तुम्ही दिसून नाही राहिले."

"हौद तर मला दिसून राहिला, ताई. मघापासून चालूनच राहिला तो."

केरबा खाली उतरला. "सायब, हौद माझ्याकडं हाय. घर मागं राहिलं."

"मग वाट सांग की."

"सोपी हाय. दिलशाद टॉकीजपासून..."

"टॉकीज कुठाय?"

"पाडली."

"अन् मग?"

"बर्फाचा कारखाना," केरबा म्हणाला आणि स्वतःच थांबला. "माझ्या मागंच या."

ट्रॅक्टर वळला. खड्ड्यांतून आदळताना माझा एक कोपरा फुटला. केरबाने वेग कमी केला नाही, आणि त्याने तो करू नये असंच मला वाटत होतं. गल्लीत पोहोचलो तेव्हा चांगुणाबाई चाचांना वारा घालत होत्या. चाचांचे ओठ निळे होते. स्ट्रेचर आलं, दार लागलं, सायरन लांब गेला.

दुपारी चांगुणाबाईंचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्या कोथिंबिरीच्या पाटीतच बसल्या. "शुद्धीवर आले म्हणं. डाक्टर म्हणला, अजून उशीर झाला असता तर न्हाई."

केरबा ट्रॉली इथेच सोडून गेला आहे. मला उतरवायला जेसीबी नाही, आणि मला न्यायला आज त्याचं मन झालं नाही. तो उद्या येणार आहे. मी ट्रॉलीतून हे बोलतो आहे, आणि मला फार भीती वाटते आहे.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू हलवण्याआधी तिच्या नावाने कोणाकोणाची घरं ओळखली जातात, ते एकदा विचारा. घराला नंबर असेल तर पाठ करा, नसेल तर मागून घ्या. आणि मी गेल्यावर, जीव घाबरा झालेला असताना, माझं नाव सांगून कोणाला बोलावू नका. तो माझ्याकडेच येईल, आणि मला त्याला तुमचं घर दाखवता येणार नाही.