तोंड उघड, पुंजादादा

"तोंड उघड, पुंजादादा."

पुंजाने उघडलं.

"जीभ वर कर. गाल दाखव."

"बाय, बैल घेतानाबी एवढं बघत नाय कोणी."

"बैल गालात गोळ्या लपवत नाय."

रोशनी सुरगाण्याच्या डोंगरातल्या या पाड्याची आशा कार्यकर्ती. सरकारने तिला आधी बाळंतिणी दिल्या, मग पोलिओचे थेंब, मग विहिरीत टाकायची पावडर. कुठलंही काम बेवारस झालं, की घाट चढून तिच्याकडे येई. आता पुंजाच्या टीबीच्या गोळ्या आल्या होत्या. दिवसाआड, तिच्या डोळ्यांदेखत गिळायच्या, थेट शिमग्यापर्यंत.

"उद्या जीप हाय," पुंजा म्हणाला. "द्राक्षाच्या कामाला चाललो."

"आणि गोळ्या?"

"खोकला थांबला ना. आता कशाला?"

मागच्या साली पाड्यावरचा मंगळूही हेच म्हणून गेला होता. शिमग्याला परत आला तेव्हा त्याला जीपमधून चौघांनी उतरवलं. पुढचा पाऊस त्याने पाहिला नाही.

सकाळी रोशनी जीपपाशी हजर झाली. बहिरू मुकादम माणसं भरत होता. जीपमधली जागा संपली, की त्याचं भरणं सुरू होई. तिने त्याला बाजूला घेतलं आणि गोळ्यांचा डबा पुढे केला. बहिरू विंचू दिसल्यासारखा मागे सरला.

"टीबी? बागवाल्याला कळलं तर आख्खी टोळी माघारी धाडंल!"

"थुंकी तपासलीय, साफ हाय. पण मधीच सोडलं तर परत उलटंल. मग औषधालाबी ऐकत नाय. आणि झोपणार तुमच्याच खोपटात."

बहिरू खोपटाचा विचार करू लागला.

"समोर उभं राहून गोळी द्यायची. कोणाला कळू द्यायचं नाय."

"मी मुकादम हाय, बाय. दवाखाना नाय."

"म्हणून तर आले. तुमच्या नजरेतून टोळीतलं काय सुटतं का?"

हा प्रश्न बहिरूला फार आवडला. त्याने डबा काखोटीला मारला.

तरी रोशनीचा जीव थाऱ्यावर नव्हता. संक्रांत झाली तशी ती एसटीने दिंडोरीकडच्या त्या बागेवर गेली. सकाळचं धुकं होतं. टोळी रांगेत उभी, समोर बहिरू.

"आ करा!"

सगळ्या टोळीने आ केला. बहिरू एकेकाच्या तोंडात डोकावत, प्रत्येकाला घोटभर पाणी पाजत पुढे सरकला. पुंजापाशी त्याचा हात खिशात गेला, तिथून पुंजाच्या जिभेवर. "पाणी पी. जीभ वर. हं, पुढं!"

बागवाला रोशनीच्या शेजारीच उभा होता. "तंबाखू तपासतोय," तो कौतुकाने म्हणाला. "माझा माल परदेशात जातो, बाई. घडावर थुंकी चालत नाही. अशी शिस्तीची टोळी दुसरीकडे नाही मिळायची."

बागवाल्याचा असा समज झाल्यावर खुद्द मुकादमाला तंबाखू सोडावी लागली होती. तेव्हापासून तो सगळ्यांवर खेकसत असे. टोळीत कोणालाच याचं कारण समजलं नाही.

रोशनी आल्या पावली परतली.

शिमग्याला जीप आली. ती थांबायच्या आतच पुंजाने उडी मारली. अंगाने भरला होता. डोक्यावर गाठोडं घेऊन तो सरळ रोशनीच्या अंगणात आला, गाठोडं खाली ठेवलं आणि आ करून उभा राहिला.

"अरे, संपल्या गोळ्या," ती हसत म्हणाली. "मिट आता."

पुंजाने तोंड मिटलं नाही.

रोशनीने पदराला हात पुसले. त्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली.

"जीभ वर कर," ती म्हणाली.