सहाचा झालेला नऊ

"तुझ्या बाबांकडे जरा लक्ष दे गं," बाबांच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मावशी म्हणाल्या. "काल जिन्यात मी अगदी समोर उभी, तर म्हणतात, कोण?"

मी मुलीच्या कपाळाला हात लावून ताप बघत होते. ताप नव्हता. तरी बघत होते.

"अहो मावशी, जिन्यात अंधार असतो."

"दुपारचे बारा वाजले होते."

मी हसण्यावारी नेलं. त्यांच्या डोक्यात अष्टौप्रहर फुटबॉल, माणसं कुठली दिसायला, म्हटलं. ही सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट.

बाबा शिंपी. मैदानाला लागूनच दुकान. एकतीस वर्षं आमच्या क्लबच्या जर्सीवरचे नंबर तेच शिवत आले. छापील नंबर दोन धुण्यांत सोलतात. बाबांचे नंबर जर्सी फाटली तरी जागचे हलत नाहीत. सहा आणि नऊ ते एकाच साच्यावर कापत. शिवताना उलटसुलट होऊ नये म्हणून तुकड्याच्या डोक्याकडे, आतल्या बाजूने, लाल दोऱ्याचा एक टाका घालून ठेवत.

या मोसमात जुना मॅनेजर अठरा वर्षांनी थकून घरी बसला आणि समितीने त्याच्या जागी आणला एक एकोणतीस वर्षांचा ड्रॉइंगचा मास्तर. आजवर त्याने फक्त शाळेतल्या मुलींचा संघ सांभाळलेला. झालं! दुकानात दुसरा विषयच उरला नाही. मी रोज दुपारी मुलीला घेऊन तिथे जायचे, त्यामुळे सगळं माझ्या कानावर.

"सायकल येते म्हणून कुणी हातात बस देतं का?" निवृत्त कंडक्टरकाका म्हणायचे.

"तुमच्या तरी कुठे दिली होती? तुम्ही तिकिटंच फाडलीत," बेकरीवाला म्हणायचा.

गणिताचे गुरुजी चष्मा पुसत. "जुन्याला अठरा वर्षांचा अनुभव होता, कबूल. त्यातला सतरा वर्षांचा हरण्याचा."

"म्हणून काय पोरसवदा माणूस आणायचा? खालच्या गटात घसरलो तर परत वर यायला आपण जिवंत असू का?" कंडक्टरकाका विचारायचे.

बाबा मशीनवरून मान न उचलता म्हणायचे, "सहा सामने तरी द्या त्याला. माझा पहिला शर्ट बघितला असतात, तर मला कुणी सुई दिली नसती."

पहिल्या सामन्याला मी गेले नाही. सकाळी मुलीला दोन शिंका आल्या होत्या. घडलं ते दुसऱ्या दिवशी कळलं. आमचा संघ मैदानात उतरला तो दोन नऊ नंबर घेऊन, आणि सहा नंबर नाहीच. पंचांनी सामना थांबवला. एका बचावपटूच्या पाठीवर चिकटपट्टीने सहा काढला, तो मध्यंतरापर्यंत लोंबायला लागला. प्रेक्षक हसून हसून बेजार. तीन-शून्यने हरलो.

"आपल्याला गोल करणारा एक नऊ नंबर मिळत नाही," कंडक्टरकाका म्हणाले, "यानं दोन उतरवले!"

त्या दिवशी बाबा बोलले नाहीत. त्याच्या पुढच्याही दिवशी नाही. मला वाटलं, हरल्याचं लागलंय.

चौथ्या दिवशी कंडक्टरकाका अर्ज घेऊन आले. समितीची बैठक दुसऱ्या दिवशी होती. मॅनेजरला काढा म्हणून सत्तर सह्या झाल्या होत्या. कागद त्यांनी कापडाच्या टेबलावर पसरला.

"हं, टेलर मास्टर. करा सही. तुमची असली की समिती ऐकेल."

"वाचून दाखवा," बाबा म्हणाले.

गुरुजींनी वाचलं. ज्या माणसाला जर्सीवरचे साधे नंबर तपासता येत नाहीत, तो संघ काय तपासणार, असं काहीसं होतं.

"नंबर मी उलटा लावलाय," बाबा म्हणाले.

"काहीतरीच!" बेकरीवाला हसला. "एकतीस वर्षांत तुमचा टाका हुकला नाही. त्याला वाचवायला अंगावर घेताय होय?"

"सामना संपल्यावर गेलो होतो त्याच्याकडे. म्हटलं, चूक माझी, सांगतो सगळ्यांना. तर म्हणाला, राहू द्या मास्टर, तपासायचं काम माझंच होतं. माझ्या नावाला तसंही अजून काही किंमत नाही, तुमच्या आहे." बाबांनी अर्ज बाजूला सारला. "आणि मी राहू दिलं. चार दिवस."

कंडक्टरकाकांना पटेना. त्यांनी फळीवरून कापलेला एक आकडा उचलला आणि हातभर अंतरावर धरला. "बरं, हा कोणता? सांगा."

बाबांनी अंगठा पुढे केला.

"हात नाही लावायचा."

मशीनचं चाक कुणीतरी धरून ठेवावं तसा बाबांचा अंगठा थांबला. मग म्हणाले, "दिसत नाही."

काकांच्या हातात तीन होता.

"समोर बघितलं की मधलं जातं. कडेचं दिसतं. त्या नऊचा लाल टाकाही तसाच गेला. तुमच्याकडे बघितलं तर तुमचे कान दिसतात, तोंड नाही."

"तोंडाचं फारसं नुकसान नाही," गुरुजी म्हणाले, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"नातीला तिरकं होऊन बघतो," बाबा म्हणाले. "तेव्हा कुठे नाक सापडतं तिचं."

मान वाकडी करून ते तिच्याकडे बघत, तेव्हा ती खिदळायची. मला वाटायचं, आजोबा खेळवतायत. मी फोटोसुद्धा काढलेत तसे.

कंडक्टरकाकांनी अर्जाची घडी घातली, खिशात ठेवली. जाता जाता दारातून म्हणाले, "माणूस बरा दिसतो. पण गोल कोण मारणार, ते सांगा."

"ते सहा सामन्यांनंतर विचारा," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. पडद्याचा मधला भाग खराब झालाय, म्हणाले. आहे ते टिकवू. गेलं ते येणार नाही. सहा महिने आधी आणलं असतंत तर... आणि माझ्या कडेवरच्या मुलीकडे बघून त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

"बाबा, सांगितलं का नाही?" रिक्षात मी विचारलं.

"तुझं सगळं लक्ष तिच्यात होतं. म्हटलं, आधीच किती काळजी करतेस."

मॅनेजर अजून आहे. दोन सामने हरला, एक बरोबरीत सुटला. दर गुरुवारी तो जर्सींचा गठ्ठा घेऊन दुकानात येतो. नंबर आता बेकरीवाल्याची बायको शिवते. बाबा प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवतात. एखादी सैल लागली की म्हणतात, "उसवा," आणि मॅनेजर मुकाट उसवतो.

तुमचंही कुणीतरी असेल, एकटं राहणारं, कामात असणारं, ज्यांच्याबद्दल तुम्ही निर्धास्त आहात. फोनवर विचारू नका. फोनवर सगळे बरेच असतात. आज उजेड आहे तोवर जा, त्यांच्या अगदी समोर बसा, आणि ते तुमच्याकडे कसं बघतात ते बघा.