दोन सावल्यांचा मेपल

या मंडळी, जवळ सरका. गोष्ट दूरदेशीची, पण आपल्याच काळजाशेजारची.

अमेरिकेतली हडसन नदी, दीडशे वर्षांमागचा शरद. काकडआरतीला लवकर येऊन बसलेल्या भाविकांसारखे डोंगर, नीलधुक्याची शाल पांघरून स्तब्ध. आणि घरासमोरच्या उतारावर एकच मेपलवृक्ष. अग्निपर्ण, रक्तवर्ण, एकाकी.

तो हॅनानं लावलेला. हॅना गेली, झाड राहिलं. तिच्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या, सायलसच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. दूरचं सारं धुकं. नाकाशी धरावं तेवढंच दिसे.

झाड बाबांकडे येत नाही, बाबांना झाड दिसत नाही. मग लेकीनं, लिडियानं ठरवलं, रंगांनी फळीवर उतरवून तेच त्यांच्या मांडीवर ठेवायचं. पहाटेच तिपाई मांडली, रंगपेटी उघडली. वारा सुटला होता. उद्या पान उरणार नव्हतं.

उघड्यावर रंगवणाऱ्यानं उन्हामागे धावू नये, हा पहिला धडा. पण पान गळत होतं, काळीज गळत होतं, आणि धडाही गळून गेला. सावली सरकली, की कुंचला सरकला.

"किती गं रंगवशील? झाड काय पळून जातंय?"

"झाड नाही बाबा, ऊन पळतंय!"

"पळू दे मेलं. माझे गुडघे काही त्याच्यामागे यायचे नाहीत."

सांज उतरली. लिडियानं मागं सरून पाहिलं, तर काय! मेपलला दोन सावल्या! सकाळची पश्चिमेकडे, सांजेची पूर्वेकडे. एका आकाशाखाली दोन सूर्य नांदत होते. नवं काढावं, तर समोरचं झाड निष्पर्ण, निःशब्द. तिनं रंग खरवडायची सुरी उचलली.

"थांब. आधी मला बघू दे."

सायलसनं फळी डोळ्यांशी नेली. ओला तांबडा ठिपका नाकाच्या शेंड्याला लागला. मग त्यानं बोट एका सावलीशी नेलं.

"ही सकाळची. गाई सोडून हॅना हिच्यात टेकायची. आणि ही सांजेची. हिच्यात मी तिची वाट बघायचो." त्यानं फळी मांडीवर ठेवली. "दोघांना एकत्र कधी सावली मिळाली नाही गं. राहू दे, पोरी. दोन्ही राहू दे."

सुरी पेटीत गेली. डोंगर विझले, नदी विझली. म्हाताऱ्याच्या नाकावरचा ठिपका मात्र देवळातून परतलेल्याच्या गंधासारखा तेवत राहिला.

श्रोतेहो, दारच्या झाडाची सावली लांबेल, अंगण ओलांडेल, उंबऱ्याशी येऊन निजेल. तेव्हा क्षणभर हॅनाची आठवण ठेवा. तिनं झाड लावलं होतं.